शाळेचं वर्ष आणि आपलं पंचांग

नमस्कार मंडळी,

इथे आयर्लंडमध्येही आपल्या बहुतेकांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. माझी एकच विनंती आहे. मुलांच्या शाळेकडून दर वर्षी सुट्ट्यांचं पत्रक येतं, तेही त्याच्या शेजारी लावा आणि भारताची तिकिटं दोन्ही बघून काढा.

इथलं प्राथमिक शाळेचं वर्ष ऑगस्टअखेर सुरू होतं आणि जूनअखेर संपतं. म्हणजे गणपती बऱ्याचदा नेमके शाळा सुरू होतानाच येतात. ज्युनिअर इन्फन्ट्सच्या, म्हणजे प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गातल्या, मुलांना पहिले काही दिवस बऱ्याच शाळा दुपारी बाराच्या सुमारासच घरी सोडतात, तेव्हा आईबाबांपैकी एकाने रजा राखून ठेवावी. डब्याचंही बघा. अनेक शाळांमध्ये शेंगदाणे आणि सुका मेवा चालत नाही, कारण वर्गात कुणाला तरी त्याची जीवघेणी ॲलर्जी असू शकते. साबुदाण्याच्या खिचडीत कूट असतं, हे बाईंना दिसणार नाही. ते आपणच लक्षात ठेवायचं.

ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविनची आठवडाभर सुट्टी असते. 2024 साली दिवाळी त्याच आठवड्यात आली आणि घरोघरी फराळ निवांत झाला. 2026 ला अधिक महिना आहे, त्यामुळे लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, सुट्टी संपल्यावर. अशा वर्षी फराळ थोडा आधी करा आणि बाईंना विचारून वर्गात दिवाळीची गोष्ट सांगायला जा. शाळा अशा पालकांचं मनापासून स्वागत करतात. नोव्हेंबरच्या आसपास पालक-शिक्षक भेट असते. वेळ मिळतो जेमतेम दहा मिनिटं, म्हणून प्रश्न लिहून न्या. अभ्यासाबरोबर मूल मधल्या सुट्टीत कुणाशी खेळतं, हेही विचारा.

आता भारतवारी. जुलैत आपण पोहोचतो तेव्हा मामाकडची मुलं शाळेत गेलेली असतात आणि बाहेर धो धो पाऊस. आजीआजोबांना नातवंडं लग्नसराईत, सणावारात हवी असतात. ही ओढ मला पुरेपूर कळते. तरीही नाताळच्या सुट्टीला पुढेमागे दोन-दोन आठवडे जोडण्याआधी विचार करा. सहा ते सोळा वयाच्या मुलाची वर्षभरात वीस दिवस गैरहजेरी झाली, की शाळेला ते टुस्ला या सरकारी संस्थेला कळवावंच लागतं. फिरायला गेलेले दिवसही त्यात धरले जातात. शिवाय दुसरी, चौथी आणि सहावीत मे-जूनच्या सुमारास इंग्रजी वाचन आणि गणिताच्या प्रमाणित चाचण्या असतात. त्या काळात तर मुलाला शाळेतून काढूच नका.

मार्चमध्ये 1 ते 17 तारखेपर्यंत शख्तन् न गेल्गे, म्हणजे आयरिश भाषेचा उत्सव, आणि शेवटी सेंट पॅट्रिक्स डे. आपली मुलं हजेरीला रोज ‘अन्शो’ म्हणतात. घरीही त्यांच्याकडून चार शब्द शिकून घ्या.

इथल्या बहुतेक प्राथमिक शाळा कॅथलिक आहेत. दुसरीत फर्स्ट कम्युनियन या कॅथलिक मुलांच्या धार्मिक विधीची तयारी वर्गातच चालते; त्या दिवशी मुली पांढरा फ्रॉक घालतात. आपल्या मुलाला त्यातून वगळता येतं, तो हक्क राज्यघटनेने दिलेला आहे. पण त्या वेळात मूल काय करणार, हे सप्टेंबरातच विचारून ठेवा. पांढऱ्या फ्रॉकच्या गप्पा वर्गात रंगतात तेव्हा आपली मुलगी एकटी पडू नये.

ज्यांची मुलं पुढच्या वर्षी शाळेत जायची आहेत, त्यांनी नीट ऐका. 2018 च्या प्रवेश कायद्याप्रमाणे शाळांना आदल्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरच्या आधी अर्ज घेता येत नाहीत. प्रत्येक शाळेची मुदत वेगळी असते आणि ती सूचना शाळेच्या संकेतस्थळावर येते. अर्जासाठी पैसे मागता येत नाहीत, आणि धर्मामुळे कॅथलिक शाळेला आपला अर्ज मागे ढकलता येत नाही. पत्त्याचा पुरावा आणि जन्मदाखला आजच एका फायलीत ठेवा. अर्ज भरताना काही अडलं, तर चहाच्या वेळी मला येऊन भेटा; मी कार्यक्रमाच्या शेवटपर्यंत इथेच आहे.