रमा, रम आणि रेजेक्स

अध्यक्ष महाराज सांगतात, चाळीस मिनिटं. माझ्या बायकोच्या मते मला या विषयावर चारसुद्धा द्यायला नकोत. तर सुरुवात करतो.

आमच्या छोट्या स्टुडिओत गोडो हे गेम इंजिन वापरतात. नाटकातला तो कधीच न येणारा गोडो, त्याच्याच नावाचं. इंजिन मात्र आलं, 2014 साली अर्जेंटिनातल्या दोघांनी ते सगळ्यांसाठी खुलं केलं. आम्ही त्याची स्वतःची प्रत ठेवतो, थोडी डागडुजी करून, आणि त्या प्रतीतलं रेजेक्सचं, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना (पॅटर्न) शोधण्याच्या सांकेतिक भाषेचं, खातं माझ्याकडे आहे. कसं आलं? ज्या बैठकीत वाटप झालं तिला मी उशिरा पोचलो. हात वर करा, कुणाकुणाकडे अशी खाती आलीत? बघा, निम्मं सभागृह.

आता खरी गोष्ट. लहान मुलांसाठी मराठी शब्दखेळ केला होता. सुरुवातीला नाव टाकायचं. मुलं 'रमा सदाशिव अमुकतमुक' असं पूर्ण नाव लिहितात, म्हणून आमच्या पोरानं पॅटर्न लावला: बॅकस्लॅश डब्ल्यू, अधिक. बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे शब्दातलं कुठलंही अक्षर, अधिक म्हणजे एक किंवा जास्त; थोडक्यात, पहिला शब्द उचल. देवनागरी कळावी म्हणून पॅटर्नच्या सुरुवातीला यूसीपी हा खुणेचा शब्दही घातला, म्हणजे 'अक्षरं युनिकोडप्रमाणे ओळख'. नाहीतर बॅकस्लॅश डब्ल्यूला ए ते झेड, आकडे आणि अंडरस्कोर याखेरीज काही दिसतच नाही. आम्ही खूश. एका शाळेत चाचणी ठेवली. दुपारी शिक्षिकाबाईंचा फोन. 'अहो, तुमच्या गुणफलकावर पहिल्या नंबरला 'रम' कशी?'

रमा पहिली आली होती. काना गळला होता.

मी आधी फाँटला शिव्या घातल्या. मराठी माणूस अशा वेळी आधी फाँटलाच शिव्या घालतो, आणि दहापैकी आठ वेळा तो बरोबर असतो. ही नववी वेळ होती. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या संगणकी यादीत, 'र' हे अक्षर, पण काना हे अक्षर नव्हे, ती 'खूण'. आणि खुणांतही जाती आहेत! उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त या जागा न घेणाऱ्या खुणा. काना, वेलांटी, विसर्ग या जागा घेणाऱ्या. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी येते, पण साठवताना नंतर, आणि तरीही ती जागा घेणाऱ्यांतच. आपली बाराखडी कुणीतरी अशी दोन पंगतींत बसवली आहे. आमच्या जुन्या आवृत्तीत बॅकस्लॅश डब्ल्यूला दोन्ही पंगती वर्ज्य होत्या. म्हणून कुसुमचं 'क' व्हायचं, आर्याचं 'आर'.

मग आम्ही रेजेक्सचं खरं काम करणारी आतली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, नव्या आवृत्तीवर नेली. गोडोतलं रेजेक्स मॉड्यूल म्हणजे खरं तर पातळ भिंत आहे. कंपाइल, सर्च, सर्च ऑल, सब, बस. भिंतीमागे राहते ती लायब्ररी, पीसीआरई 2. तिचं मूळ घराणं फिलिप हेझल यांचं. केंब्रिजच्या विद्यापीठातला हा गृहस्थ, 1997 साली आपल्या मेल सर्व्हरसाठी लिहायला बसला, 2007 साली नोकरीतून निवृत्त झाला आणि त्यानंतरही कित्येक वर्षं हे सांभाळत बसला. आपल्याकडे निवृत्त माणसं सोसायटीचं पाणी सांभाळतात, तसं. तर 2024 च्या 10.43 आवृत्तीत पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेशी जुळवून घेण्यासाठी बॅकस्लॅश डब्ल्यूमध्ये जागा न घेणाऱ्या खुणा आल्या. कुसुम पूर्ण झाली. सुमन, मंगेश खुशीत. आणि आर्या? हलन्त आत आला, काना बाहेरच राहिला. आर्याची 'आर्य' झाली. मुलगी होती, मुलगा झाला. आणि रमा बिचारी तशीच 'रम'.

(हसून झालं असेल तर पुढे जातो. चिठ्ठी आली आहे: दहा मिनिटं. म्हणजे मॉड्यूल कसं सांभाळावं, जे पत्रिकेत छापलंय, ते आता.)

मूळ मुद्दा असा. कोडच्या ओळी सांभाळणं सोपं असतं, वागणूक सांभाळणं अवघड. गोडोच्या दुसऱ्या आवृत्तीत एनरेक्स नावाचं छोटं घरचं रेजेक्स होतं, तिसरीत पीसीआरई 2 आली. तेव्हा विंडोजवर अक्षर 16 बिटांचं आणि इतरत्र 32 चं, म्हणून तीच लायब्ररी दोन मापांनी बांधावी लागे. चौथीत सगळीकडे 32 झाले आणि एक माप सुटलं. हे सगळं होत असताना वापरणाऱ्याच्या पॅटर्नमध्ये एक अक्षरही बदललेलं नसतं. त्याचं उत्तर मात्र बदलू शकतं, आणि ते ओरडत नाही. गुपचूप 'आर्य' होतं.

घाईत आणखी दोन. पॅटर्न दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर चित्राला, नव्यानं कंपाइल (वापरायला तयार) करू नका. सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे एकीला साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात, त्यात हेच करत बसाल. आणि 'अधिक'च्या पोटात 'अधिक' घालू नका. न जुळणाऱ्या मजकुरात एकेक अक्षर वाढलं की काम दुप्पट होत जातं. 2 जुलै 2019 ला क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या एका रेजेक्सनं, जुळवणी फसली की मागे येऊन पुन्हा शोधत, जगभरची त्यांची यंत्रं 27 मिनिटं दमवली होती. तिथे निदान पगारी माणसं जागी होती. तुमच्या खेळात आठ वर्षांचं पोर बसलेलं असतं.

आता आमचा पॅटर्न म्हणतो: अक्षर, कुठल्याही पंगतीची खूण, आकडा. शिवाय न दिसणारा जोडक, कारण 'कऱ्हाड'मधला 'ऱ्ह' कुणी ऱ टंकून लिहितो, कुणी साध्या र ला हलन्त आणि तो जोडक लावून. आणि लायब्ररी वर नेण्याआधी मी एक चाचणी-फाइल चालवतो. कुसुम, आर्या, मंगेश, दोन्ही प्रकारचं कऱ्हाड. पहिल्या ओळीवर रमा आहे, आणि तिच्या शेजारी टिपणीत लिहिलंय, 'बाईंचा फोन'.