कुंपणापलीकडचं शेत

श्रोतेहो, नमस्कार.

फाळणीची सीमारेषा आखायला नेमलेले ब्रिटिश वकील सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी भारतात आले. त्याआधी त्यांनी या देशात पाऊलही ठेवलं नव्हतं. पंजाब आणि बंगालची विभागणी ठरवायला त्यांच्या हाताशी होते जेमतेम पाच आठवडे. निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला, स्वातंत्र्य मिळून दोन दिवस उलटल्यावर. तोवर बंगालमधल्या मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा फडकत होता आणि खुलन्यात भारताचा. मग दोन्हीकडचे झेंडे उतरवावे लागले.

फाळणीचा विषय निघाला की सगळं खापर रॅडक्लिफ यांच्यावर फुटतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. भारत आणि पूर्व पाकिस्तान यांच्यात पासपोर्टची अट आली ती १९५२ मध्ये. म्हणजे कागदावरची रेघ माणसांच्या पायात अडकायला पाच वर्षं लागली, आणि ते काम कुण्या एका साहेबाचं नव्हतं. परिपत्रकं, चौक्या, शिक्के यांतून सीमा हळूहळू उभी राहिली.

कुंपणाचंच बघा. शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, दीडशे यार्डांच्या आत संरक्षणाची बांधकामं करायची नाहीत, असं भारत आणि बांगलादेशच्या सीमा अधिकाऱ्यांसाठी १९७५ मध्ये ठरलं. त्यामुळे भारताचं तारेचं कुंपण बहुतेक ठिकाणी भारताच्याच जमिनीवर, आत सरकून उभं आहे. मधल्या पट्ट्यात शेतं आहेत, कुठे कुठे घरंही. माणूस भारताचा, सातबारा म्हणा की खतियान म्हणा, तोही भारताचा. पण नांगर घेऊन निघाला की आधी फाटक लागतं. सीमा सुरक्षा दलाचा जवान ओळखपत्र ठेवून घेतो, वहीत नाव लिहितो, आणि फाटक बंद व्हायच्या आत परतावं लागतं. पीक कापणीला आलंय की पाऊस येतोय, फाटकाला त्याचं सोयरसुतक नाही. जवानालाही दोष कसा द्यायचा? तस्करी झाली तर जाब त्यालाच विचारणार.

राज्यकर्त्यांची गती वेगळीच. एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या छिटमहलांचा, म्हणजे चहूबाजूंनी दुसऱ्या देशानं वेढलेल्या जमिनीच्या तुकड्यांचा प्रश्न सोडवण्याचा करार इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी १९७४ मध्ये केला. बांगलादेशच्या संसदेनं त्याच वर्षी मान्यता दिली. आपल्याकडे त्यासाठी घटनादुरुस्ती लागणार होती, ती झाली २०१५ मध्ये. मग ३१ जुलैच्या मध्यरात्री भारताची १११ आणि बांगलादेशची ५१ छिटमहलं भोवतालच्या देशात मिसळली. सुमारे ५१ हजार माणसं तोवर अशा गावांत राहत होती, की स्वतःच्या देशाच्या पोलीस ठाण्यात जायचं तर आधी परका देश ओलांडावा लागे.

दहाग्राम हे बांगलादेशचं छिटमहल मात्र या अदलाबदलीत आलं नाही. ते बांगलादेशाकडेच राहिलं. तिथल्या लोकांना मायदेशी जायला भारतानं १९९२ मध्ये तीन बिघा ही चिंचोळी वाट दिली, पण तीही दिवसाउजेडीच. रात्री कुणाचं दुखणं उचललं, तरी सकाळची वाट पाहायची. चोवीस तास खुली व्हायला २०११ उजाडलं. त्या निर्णयासाठी एक इंचही जमीन हलवावी लागली नाही, फक्त फाटकाची वेळ बदलली.