मऊ जमिनीवरची वाट

(दृश्य: दाट धुकं. ओल्या गवतातून चालणाऱ्या बुटांचा पचपच आवाज. घर नाही, झाड नाही, विजेचा खांब नाही.)

आयरिश भाषेत 'बॉग' म्हणजे मऊ. दलदलीसाठी इंग्रजीत रुळलेला शब्द इथूनच गेला. नकाशावर तो वाचताना विशेष काही वाटत नाही. पण आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, मेयो परगण्यात, नेफिन बेगच्या डोंगरांत पहिलं पाऊल टाकलं की त्याचा अर्थ तळपायाला कळतो. जमीन दबते, थरथरते, आणि दोन हातांवरचं डबकं हळूच हलतं.

हे वाइल्ड नेफिन राष्ट्रीय उद्यान. 1998 साली ते बॅलिक्रॉय राष्ट्रीय उद्यान म्हणून सुरू झालं. पुढे शेजारचं नेफिनचं जंगल त्याला जोडलं गेलं, नाव बदललं, आणि आज त्याचा पसारा सुमारे 15,000 हेक्टर आहे. या डोंगररांगेच्या पोटातून आरपार जाणारा डांबरी रस्ता नाही. आहे ती एक जुनी पायवाट, बँगोर ट्रेल. न्यूपोर्ट गावापासून बँगोर एरिसपर्यंत ती सुमारे 40 किलोमीटर जाते. आपण चालणार आहोत तिचा उत्तरेकडचा भाग, लेटरकीनपासून बँगोरपर्यंत, साधारण 25 किलोमीटर.

सह्याद्रीत फिरणारा माणूस हा आकडा ऐकून म्हणेल, एका दिवसाचं काम. चढ म्हणावा असाही फार नाही. पण इथे अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. राजगड-तोरण्याच्या वाटेवर आपण पाय टाकतो तो कातळावर किंवा मुरमावर, आणि नजर समोरच्या बुरुजावर ठेवतो. इथे नजर पायापासून हलवता येत नाही. हे गवत की शेवाळ? हा उंचवटा वजन घेईल का? हिरवागार, गुबगुबीत, बसावंसं वाटेल असा जो तुकडा दिसतो, नेमका तोच टाळायचा. आमच्यातल्या एकाने नाही टाळला. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, आणि ओढून काढताना बूट तिथेच राहिला. खाली कोपरापर्यंत हात घालून तो शोधावा लागला.

(दृश्य: तळहातावर शेवाळाचा पुंजका. मूठ आवळली जाते.)

हे स्फॅग्नम शेवाळ. कुठे पोपटी, कुठे वाईनसारखं लाल. एक पुंजका उचलून पिळला की बोटांमधून पाण्याची धार लागते. मूठ उघडली की तो स्पंजासारखा परत फुलतो. आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी हे शेवाळ धरून ठेवू शकतं. भोवतालचं पाणी ते आंबट करून टाकतं, इतकं की मेलेला पाला नीट कुजतच नाही. वरून नवं शेवाळ वाढतं, खाली जुनं दबत जातं, काळं होतं. त्या काळ्या थराला म्हणायचं पीट. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे मीटरभर पीट साचायला हजार वर्षं.

मग मनात येतं, पाऊस तर आपल्याकडेही आहे. महाबळेश्वरला इथल्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो. पण तो चार महिन्यांत कोसळतो, कड्यांवरून वाहून जातो, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात कातळ पुन्हा तापतो. इथे अटलांटिकवरून येणारा पाऊस वर्षातले सव्वादोनशेहून जास्त दिवस पडत राहतो. मुसळधार क्वचितच, बहुतेक वेळा नुसती भुरभुर. जमिनीला सुकायला उसंतच मिळत नाही. म्हणून दलदल खड्ड्यात थांबत नाही, उतारांवरही चढते. अख्ख्या डोंगरावर कुणी ओली गोधडी टाकावी तशी ती पसरते. तिचं नावच आहे 'ब्लँकेट बॉग'. डोंगरांच्या पश्चिमेला ओवेनडफ, म्हणजे काळी नदी, वाहते. तिच्या खोऱ्यातली ही दलदल पश्चिम युरोपात अजून शाबूत राहिलेल्या मोजक्या मोठ्या दलदलींपैकी एक आहे.

वाटेत एके ठिकाणी आम्ही अर्धा तास जमिनीवर ओणवे झालो होतो. शेवाळात नखाएवढी गोल लालसर पानं, पानांवर केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चमकणारा चिकट थेंब. एका थेंबात चिलट अडकलेलं. कासच्या पठारावर पावसाळ्यात जाऊन आलेल्यांनी हे ओळखलं असेल. आपली दवबिंदू! जात वेगळी, पण कूळ तेच, आणि अडचणही तीच. कासला कातळावरची बोटभर माती, इथे मीटर-मीटर पीट. नायट्रोजनची टंचाई दोन्हीकडे. म्हणून दोघींनी किडे धरायची एकच युक्ती काढलेली. घरापासून इतक्या दूर, एवढ्या मोकळ्या रानात ओळखीचं कुणीतरी भेटलं, असं मला खरोखर वाटलं.

(दृश्य: धुकं विरळ होतं. उतारावर एकमेकांना समांतर, गवताने झाकलेले उंचवटे.)

हे बघा. शेतकऱ्याच्या नजरेला चटकन कळेल. सरी-वरंबे आहेत हे. आज जिथे माणूस राहत नाही, तिथे कुणीतरी बटाटा लावत होतं. बाजूला दगडी घराच्या भिंती, छप्पर गेलेलं, चुलीची जागा अजून ओळखू येते. 1845 साली बटाट्यावर रोग पडला आणि आयर्लंडमध्ये मोठा दुष्काळ सुरू झाला. 1852 पर्यंत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि रोगराईने गेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. मेयो त्यात सर्वांत होरपळलेल्या भागांपैकी एक. ही वाट तेव्हा हौशी भटक्यांची नव्हती. गुरं बाजाराला न्यायची, लग्नाला जायचं, मयताला जायचं, आणि शेवटी गाव सोडून जायचं, ते याच वाटेने. आज आपण नवे बूट घालून इथे 'शांतता' शोधायला येतो. ही शांतता कशातून आली आहे, ते या वरंब्यांपाशी थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं मला वाटतं.

दलदलीच्या पोटात याहूनही जुनं काही आहे. इथून उत्तरेला, समुद्राकाठी, केडे फील्ड्स नावाची जागा आहे. 1930 च्या दशकात पॅट्रिक कॉलफिल्ड या गावच्या शिक्षकाला जळणासाठी पीट कापताना खाली दगडांचे ढीग लागले. ढीग सरळ रांगेत होते, आणि पीटच्या खाली होते. म्हणजे दलदल वाढण्याआधी कुणीतरी ते रचले होते. पुढे त्यांचा मुलगा शेमस पुरातत्त्वज्ञ झाला आणि त्याने लोखंडी सळई पीटमध्ये खुपसत, दगडाला कुठे टेकते ते बघत, मैलोन्‌मैल पसरलेल्या शेतांच्या बांधांचा नकाशा काढला. हजारो वर्षांपूर्वीची शेतं, बांधासकट, गोधडीखाली झाकलेली.

(दृश्य: उजवीकडे लांब, बोडका डोंगर.)

हा स्लीव्ह कार, 721 मीटर. आयर्लंडमधला सर्वांत दुर्गम डोंगर म्हणून डोंगरभटके याचं नाव घेतात, कारण कुठल्याही रस्त्यापासून तो लांब आहे. माथ्यावर दगडांची प्राचीन रास आहे. वाट त्याच्या पश्चिम कुशीतून जाते, मधूनमधून ओढे ओलांडत. ओढ्यांचं मात्र जपून. वर पाऊस झाला की तासाभरात पाणी फुगतं, आणि सकाळी उडी मारून पार केलेला ओढा दुपारी अडवून ठेवतो.

गवतातून एकच करुण शीळ येते. गोल्डन प्लोव्हर. मराठीत त्याच्या भाऊबंदाला सोन चिखल्या म्हणतात. चिखलातल्या पक्ष्याला याहून नेमकं नाव काय देणार? हिवाळ्यात ग्रीनलंडचे हंसही इथे उतरतात.

या जमिनीने सोसलंही पुष्कळ आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोंगरांवर मेंढ्या इतक्या वाढल्या की शेवाळ आणि हेदर नावाचं खुरटं झुडूप तुडवलं गेलं आणि उघडं पीट पावसाने वाहून गेलं. लेटरकीनकडे दलदलीत चर खणून परदेशी सूचिपर्णी झाडांच्या रांगा लावल्या. बँगोरजवळ बेलाकोरिकला 1962 पासून पीट जाळून वीज तयार होत होती. तिथल्या वीजकेंद्राचा शीतमनोरा, म्हणजे पाणी थंड करायचा मनोरा, 2007 मध्ये पाडला. हजार वर्षांचा थर भट्टीत घालवायला किती वेळ लागत असेल? जगाच्या जमिनीपैकी पीटची जमीन जेमतेम 3 टक्के. तेवढ्यात जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्याहून जास्त कार्बन साठलेला आहे. चर पडला, पाणी उतरलं, की तोच कार्बन हवेत जायला लागतो. म्हणून आता उलटं काम चालतं. चर बुजवायचे, पाणी अडवायचं, दलदलीला पुन्हा भिजू द्यायचं.

आणि आमच्या पावलांचं काय? वाट चिखल झाली की माणूस कडेने जातो, मग कडेचा चिखल होतो, आणि हातभर वाटेचा दहा हातांचा पट्टा होतो. तिथलं शेवाळ वर्षानुवर्षं परतत नाही. म्हणून चिखलातूनच चला, बूट भिजू द्या. ज्यांना हे झेपणार नाही त्यांच्यासाठी बॅलिक्रॉयकडे, समुद्रकाठी, क्लॅगनच्या डोंगराखाली लाकडी फळ्यांची सोपी वाट आहे. लहान मुलं, म्हातारी माणसं तिथून दलदल डोळे भरून पाहू शकतात, आणि जमिनीला धक्काही लागत नाही.

(दृश्य: तिन्हीसांज. ढग फाटतात. पहिला तारा.)

मैलोन्‌मैल दिवा नाही. 2016 पासून हा प्रदेश अधिकृत गडद आकाशाचं उद्यान आहे. ढगांनी वाट दिली तर आकाशगंगा डबक्यातही दिसते. आमच्या वाट्याला पाचच मिनिटं आली, मग पुन्हा भुरभुर सुरू झाली.

अंधारात खुणेचे लाकडी खांब टॉर्चने शोधत आम्ही शेवटचा उतार उतरलो. एक फाटक, एक कुत्रं, पीटच्या धुराचा वास. मग बँगोरचा रस्ता. दिवसभर मऊ जमिनीवर चाललेल्या पायांना डांबर इतकं टणक लागलं की आम्ही दोघं-तिघं तिथेच थांबून खाली बघत राहिलो.