कानाला दडा बसलाय? जरा थांबा

श्रोतेहो, नमस्कार. सकाळी फोन नेहमीच्या कानाला लावला तर पलीकडचं काही ऐकूच येत नाही, दुसऱ्या कानाला लावला तर स्वच्छ. यावर घरातलं निदान तयार असतं: दडा बसलाय, मळ असेल, कोमट तेल घाल. तेल फार तर पडद्यापर्यंत जाईल. बिघाड त्याच्या पलीकडे, हाडात दडलेल्या आंतरकर्णात झाला असेल, तर तेल काय करणार?

तीन दिवसांच्या आत अशी श्रवणशक्ती गेली, तर दहांपैकी सुमारे नऊ जणांत नेमकं कारण हाती लागत नाही. संशय मात्र आहेत. पहिला विषाणूंवर. गालगुंडाच्या विषाणूने एक कान कायमचा जाऊ शकतो. कानात उठणारी नागीणही ऐकणं हिरावते, कधी चेहराही वाकडा करते. जून 2024 मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी स्वतःच सांगितलं होतं, की विमानातून उतरल्यावर त्यांना एकाएकी ऐकू येईनासं झालं. डॉक्टरांनी त्यामागे विषाणुसंसर्ग असल्याचं सांगितलं होतं.

दुसरा संशय रक्तपुरवठ्यावर. आंतरकर्णाला रक्त पुरवणारी धमनी अगदी बारीक; ती तुंबली तर रक्ताला दुसरी वाट नाही. बहिरेपणासोबत तोल जात असेल, बोबडी वळत असेल, एकाचे दोन दिसत असतील, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा कानाचा दवाखाना शोधत बसू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा.

जेंटामायसिन हे प्रतिजैविक, सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचं औषध, यांसारखी औषधं आणि शरीराने स्वतःच्याच कानावर केलेला हल्ला हीही कारणं असतात. क्वचित कान आणि मेंदू यांमधल्या चेतेवर, म्हणजे नसेवर, गाठ निघते. ती कर्करोगाची नसते, पण तिच्यासाठीच डॉक्टर एमआरआय सांगतात.

डॉक्टर कपाळावर कंपनकाटा, म्हणजे आपटला की घुमणारा धातूचा दुबेळका चिमटा, टेकवतात. मळ असेल तर आवाज बंद कानात मोठा वाटतो, चेतेचा दोष असेल तर चांगल्या कानात. मग श्रवणचाचणी. उपचार मुख्यतः स्टेरॉइडचे, पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेले बरे. स्टेरॉइडने साखर वाढते, म्हणून मधुमेह असेल तर आधी सांगा. काहींचं ऐकणं आपोआपही परततं, आणि तिथेच घोळ होतो. ‘शेजाऱ्यांचं बरं झालं, आपलंही होईल’ म्हणत महिना जातो.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे फोन केलात आणि पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली, तर ‘कान दुखतोय’ म्हणू नका. ‘एका कानाने अचानक ऐकू येईना’ असं सांगा आणि आजचीच वेळ मागा.