अप मार्ग बंद आहे

(दृश्य: कर्जत स्थानक, पहाट. पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागून इंजिनं जोडली जात आहेत.)

गाडी कर्जतला थांबली की डब्यातली माणसं वडापावकडे धावतात. तुम्ही जरा मागच्या टोकाला बघा. तिथे बँकर लागतायत. पुढचं इंजिन ओढणार, मागची ढकलणार, तेव्हा कुठे ही गाडी लोणावळ्याला पोहोचणार. अंतर साधारण 28 किलोमीटर, पण तेवढ्यात साडेपाचशे मीटरच्या वर चढायचं. सगळ्यात उभ्या चढावर 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. हा बोरघाट.

घाटात तीन मार्ग आहेत. डाउन पुण्याकडे चढतो, अप मुंबईकडे उतरतो. ऐकायला उलटं वाटतं, पण मध्य रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे जाणं म्हणजे अप, मग गाडी डोंगर उतरत का असेना. तिसरा, मधला मार्ग, गरजेप्रमाणे दोन्हीकडून वापरतात.

(दृश्य: मंकी हिलच्या पुढची दरी. रुळांच्या कडेपर्यंत आलेलं धुकं.)

2019 च्या पावसाने हा घाट पुन्हा पुन्हा फोडला. ऑगस्टमध्ये मुंबई–पुणे गाड्या कित्येक दिवस बंद होत्या. त्या सावरतायत तोवर ऑक्टोबरात घाटातल्याच मंकी हिल आणि नागनाथ या ठिकाणांच्या दरम्यान अप मार्ग बंद पडला. तो पुन्हा सुरू व्हायला जानेवारी 2020 चा मध्य उजाडला.

एका मार्गाला तीन महिने कशाला लागतात, असं त्या दिवसांत पुण्याच्या फलाटावर कुणालाही वाटलं असेल. नकाशा बघा. या पट्ट्यात गाडीरस्ता नाही. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला दरी. सिमेंटची गोणी, लोखंडी सळी, खडी, पिण्याचं पाणी, काम करणारी माणसं, सगळं रुळावरूनच यायचं. सामानाची गाडी उभी करायची तर शेजारचा चालू मार्ग अडवायचा, म्हणजे ब्लॉक घ्यायचा. एक मार्ग तुटलेला, दुसरा दुरुस्तीसाठी अडलेला, आणि उरलेल्यावर दोन्हीकडची वाहतूक. म्हणून गाड्या रद्द होतात.

(दृश्य: कड्याचा जवळून घेतलेला भाग. काळ्या खडकात तांबडा पट्टा.)

हा तांबडा पट्टा नीट बघून ठेवा. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला. काळा बेसॉल्ट टणक असतो, पण दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे अशी भाजल्यासारखी तांबडी माती सापडते. घाटमाथ्यावर वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. ते पाणी खडकाच्या भेगांतून उतरतं आणि या मऊ थरापाशी अडतं. माती धुपत जाते, वरचा दगड अधांतरी राहतो. मग तो कधी सुटेल, ते कुणीच सांगू शकत नाही. कधी पाऊस थांबल्यावर, लख्ख उन्हातही सुटतो.

ज्यांनी हा मार्ग बांधला त्यांनाही डोंगराने सोडलं नव्हतं. 1863 मध्ये घाट खुला झाला. बांधकाम ऐन भरात असताना चाळीस हजारांवर माणसं इथे राबत होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुरं करून घेतलं. अ‍ॅलिसचं नाव इतिहासात राहिलं, त्या हजारो मजुरांपैकी एकाचंही आपल्याला ठाऊक नाही. आणि घाट सुरू होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती तोच, 1867 मध्ये, इथला एक मोठा दगडी पूल कोसळला.

(दृश्य: कमरेला दोर बांधून कड्यावर उतरणारी माणसं. पहारीचा आवाज.)

ही हिल गँग. पावसाळ्याआधी बोल्डर स्पेशल गाडीतून ही मंडळी घाटात येतात. दोराला लटकून एकेक दगड ठोकून पाहतात. भरीव आवाज आला तर पुढे, पोकळ आला तर पहार. बोगद्याच्या छतालाही हीच तपासणी. सैल दगड माणसाने ठरवलेल्या वेळी, ब्लॉक घेऊन पाडायचा, म्हणजे तो गाडीवर पडणार नाही.

जो दगड पाडता येत नाही त्याला जाळीत बांधतात. कड्यावर पोलादी जाळी, रुळांजवळ कनेडियन फेन्सिंग, म्हणजे घरंगळणारे दगड अडवणारं कुंपण, बोगद्याच्या तोंडाशी पुढे काढलेली छपरी. दिसायला सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे वरच्या अंगाला खणलेला पाण्याचा चर. तो तुंबला की पाणी भरावात शिरतं, आणि भराव गेला की वरचे रूळ हवेत लोंबकळतात. हा चर हातानेच साफ करावा लागतो. तिथे यंत्र पोहोचत नाही.

(दृश्य: पुणे स्थानकाचा फलक. बाकांवर बसलेले प्रवासी.)

त्या तीन महिन्यांत प्रगती एक्स्प्रेस आणि पुणे–पनवेल पॅसेंजर रद्द होत्या, नांदेड आणि हुबळीच्या गाड्या पुण्यातच संपत होत्या, भुसावळची गाडी मनमाड–दौंडवरून फिरवली होती, आणि पासधारक उरलेल्या गाड्यांत उभ्याने जात होते.

(दृश्य: रात्र. पावसात हलणारा एक दिवा.)

पावसाळ्यात या रुळांवरून रात्रभर माणूस चालतो. पाठीला पिशवी, हातात दिवा आणि बॅटरी, पिशवीत फटाके. हे फटाके रुळावर लावायचे, इंजिनाच्या चाकाखाली ते वाजले की चालक गाडी थांबवतो. दरड दिसली की या माणसाने गाडीच्या दिशेने पळत सुटायचं. 600 मीटरवर एक फटाका. 1200 मीटरवर तीन, दहा-दहा मीटर अंतराने. घाटात, अंधारात, ओल्या खडीवरून 1200 मीटर. हद्दीच्या टोकाला दुसरा गस्तवाला भेटतो, दोघं पुस्तकं बदलतात आणि परत फिरतात. जुलै 2021 मध्ये एकाच रात्री बोरघाट आणि कसारा घाट दोन्हीकडे रूळ वाहून गेले, त्याही पावसात हे काम सुरूच होतं.

(दृश्य: दुरुस्त झालेला मार्ग. गँग हत्यारं घेऊन डोंगराच्या बाजूला सरकते.)

दुरुस्तीनंतर गाड्या आधी अगदी हळू सोडतात. खडी बसते, पुन्हा पॅकिंग होतं, म्हणजे रुळांखाली खडी ठोकून भरतात, मग वेग थोडा वाढवतात. गाडी येतेय. मुकादमाने शिट्टी वाजवली, सगळे बाजूला झाले. डब्यातली माणसं दरीच्या खिडक्यांशी गोळा झाली आहेत, मोबाइल बाहेर काढून. डोंगराच्या बाजूच्या एका खिडकीतून एका लहान मुलीने हात केला.

मुकादमाने उलट हात केला. शेवटचा डबा गेला, बँकर गेला. पुढची गाडी यायला बावीस मिनिटं आहेत.