शेवटचं वीतभर आतडं

(चोडणचा फेरीधक्का, सकाळ)

सव्वासातची फेरी. आधी मासळीच्या टोपल्या चढतात, मग दुचाक्या, मग माणसं. पलीकडे रायबंदर, तिथून बसने पणजी. कठड्याला टेकलेली, निळ्या ओढणीतली ही मुलगी तिथल्या एका ऑफिसात काम करते. वाटेतलं कुठलं शौचालय कितीला उघडतं, कुठल्याची कडी लागत नाही, हे तिला पाठ आहे. चेहरा आणि नाव दाखवू नका म्हणाली. घरी लग्नाची बोलणी चालू आहेत.

पोटात उजवीकडे खाली कळ, दिवसातून सहा-सात वेळा जुलाब, संध्याकाळी कणकण, वजन उतरत चाललेलं. आधी गॅस म्हटलं गेलं, मग ॲसिडिटी, मग टेन्शन. आईने दृष्टही काढली. दुर्बिणीतून आतडं पाहायला सव्वा वर्ष लागलं.

(कोलोनोस्कोपीचा पडदा)

हे तिचंच आतडं. हे चित्रण तिने स्वतःहून आम्हाला दिलं. नीट बघा, कारण सगळं इथंच आहे. हा मोठ्या आतड्याचा गुलाबी, निरोगी भाग. पुढे जखम. मग पुन्हा निरोगी. पुन्हा जखम. मध्ये जागा सोडत जाणं ही क्रोन्सची, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणाऱ्या या आजाराची, खोड आहे. आता दुर्बीण झडपेतून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकात शिरते. उभ्याआडव्या भेगा आणि मधे फुगलेले उंचवटे. मे महिन्यात खाजनातला चिखल वाळून तडकतो ना, तसं.

यावरून क्रोन्स म्हणायला डॉक्टर मोकळे होतात असं वाटेल. आपल्याकडे होत नाहीत. आतड्याच्या टीबीलाही हीच जागा आवडते आणि जखमाही पुष्कळदा अशाच दिसतात.

(सूक्ष्मदर्शकाखालची काच)

म्हणून तुकडा काढून तपासायचा. या जांभळ्या ठिपक्यांचा घोळका म्हणजे ग्रॅन्युलोमा, पेशींची गाठ. टीबीत होते, क्रोन्समध्येही होते. गाठीच्या मध्यभागी पेशी मरून भुगा झालेला दिसला तर टीबीकडे बोट जातं, पण दर वेळी तो दिसतोच असं नाही. आतड्याच्या तुकड्यात जंतूही बऱ्याचदा सापडत नाहीत.

चूक दोन्हीकडून महाग. टीबी असताना क्रोन्स समजून सूज दाबणारं स्टेरॉइड दिलं तर तो पसरू शकतो. क्रोन्स असताना टीबीच्याच गोळ्या चालू ठेवल्या तर सूज आत आपलं काम करत राहते, आतडं अरुंद होत जातं. अशा पेचात अनेकदा आधी टीबीचे औषध सुरू करतात, हिलाही तेच दिलं. त्यात वावगं काही नाही. प्रश्न पुढचा आहे: दोन-तीन महिन्यांनी दुर्बीण पुन्हा घातली का? टीबीच्या गोळ्यांवर क्रोन्सवाल्यालाही काही दिवस बरं वाटू शकतं, म्हणून ‘कसं वाटतंय’ एवढं विचारून भागत नाही. जखमा भरल्या की नाही, ते डोळ्यांनी बघावं लागतं. हिचा कोर्स सहा महिने चालला. पुन्हा बघायचं कुणी सुचवलं नाही.

(जुनं कृष्णधवल छायाचित्र)

न्यूयॉर्कचं माउंट सिनाय रुग्णालय. १९३२ साली तिथल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी १४ रुग्णांवर लेख लिहिला आणि हा टीबी नव्हे, वेगळा आजार आहे असं मांडलं. लेखकांची नावं वर्णानुक्रमे लागली, म्हणून आजाराला क्रोन यांचं नाव चिकटलं. त्याआधी, १९१३ मध्ये, स्कॉटलंडच्या डॅल्झिल या सर्जननी असेच रुग्ण नोंदवले होते. नाव मागे राहिलं.

तिचं निदान झालं तोवर आतड्याचा एक तुकडा काढावा लागला.

(स्वयंपाकघर)

उकड्या तांदळाची पेज. आजार उसळतो तेव्हा हीच, सोबत थोडं मीठ. शांत असला की हुमण-शीत, म्हणजे माशाची आमटी आणि भात, चालतं, आई तिखट कमी घालते एवढंच. तिखटाने क्रोन्स झाला नाही, तिखट सोडून तो जाणारही नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उठते, असा हा आजार. कोंड्याचं, रेषेदार मात्र आतडं अरुंद असेल तर जपून. बी-१२ चं इंजेक्शन लागतं, कारण ते शोषून घेणारा भाग तोच, लहान आतड्याचा शेवटचा. अंगदुखीवर मनाने आयबुप्रोफेनसारखी गोळी घ्यायची नाही. आणि ज्यांना हा आजार आहे त्यांना सिगारेट नडते. हे आम्ही तिच्या मित्रांसाठी सांगतोय.

ॲझाथायोप्रिन, म्हणजे प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी, चालू असताना दर काही आठवड्यांनी रक्त तपासलं जायचं. आता दर पंधरा दिवसांनी सूज आवरणाऱ्या ॲडॅलिमुमॅबचं इंजेक्शन, पोटावर, स्वतःच्या हाताने. ते सुरू करण्याआधी शरीरात झोपलेला टीबी नाही ना, हे पुन्हा तपासलं. खर्चाचा विषय आईने टाळला.

(परतीची फेरी)

इंजेक्शन थंड ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. म्हणून बर्फाची पिशवी, तिच्यावर रुमालाच्या दोन घड्या, त्यावर डबा. शेजारच्या टोपलीत उरलेले बांगडे, त्यांच्यावरही बर्फ. टोपलीवाल्या काकींनी तिच्या पिशवीकडे बघून विचारलं, “किती किलो गं?”