सर्जनच्या चष्म्यातून

श्रोतेहो, नमस्कार. जून 2013मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात डॉ. राफाएल ग्रॉसमन यांनी गूगल ग्लास, म्हणजे कॅमेरा बसवलेला चष्मा, डोळ्यांवर चढवून जठरात अन्नाची नळी बसवली. पुढच्याच वर्षी लंडनच्या डॉ. शफी अहमद यांची शस्त्रक्रिया अशाच चष्म्यातून हजारो विद्यार्थ्यांनी थेट पाहिली. शिकणाऱ्याला सर्जनच्या नजरेतून बघायला मिळणं ही फार मोलाची गोष्ट आहे.

पण खरी अडचण नजरेचीच. शस्त्रक्रिया करताना मान थोडी वाकते, डोळे मात्र त्याहून बरेच खाली वळतात. भुवईशेजारचा कॅमेरा समोरच पाहत राहतो. मग पडद्यावर दिसतं हिरवं कापड आणि मदतनिसाचं कोपर. छेद कुठेतरी तळाच्या कडेला. म्हणून हात धुण्याआधी टेबलाची उंची ठरवा, कापडावर एक चिमटा ठेवा, नेहमीसारखे उभे राहून त्याकडे बघा आणि पडद्यापाशी बसलेल्याला विचारा: चिमटा मधोमध आहे का? नसेल तर कॅमेरा खाली झुकवा. एकदा निर्जंतुक हातमोजे चढले की चष्म्याला बोट लावता येत नाही. सरकला तर बाहेरच्या सिस्टरनाच हाक मारावी लागते.

दुसरा घोळ उजेडाचा. कॅमेरा साऱ्या चौकटीची सरासरी धरतो. कापड गडद, त्यावर दिव्याचा झोत, त्यामुळे छेद पांढराफटक दिसतो. उजेडाचं माप छेदावरच पक्कं करा, नाहीतर दिवा थोडा मंद करा. बॅटरीही आधी बघा. सलग चित्रीकरणात गूगल ग्लास तासभरही तग धरत नसे. आणि चित्रीकरणाला रुग्णाची लेखी संमती हवी, शस्त्रक्रियेच्या संमतीहून वेगळी.

स्कॅनमधलं शरीराच्या आतलं चित्र डोळ्यांसमोर तरंगवणारे चष्मे निराळे. 566 ग्रॅमच्या होलोलेन्स 2मध्ये चित्राचा फोकस 2 मीटरवर, तर हात जेमतेम अर्ध्या मीटरवर. दोन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत, डोळे शिणतात. मणक्यात स्क्रू बसवण्यासाठीच्या एक्सव्हिजन या अशाच चष्म्याला अमेरिकेत डिसेंबर 2019मध्ये मंजुरी मिळाली. अशा यंत्रणेत चित्राची जागा ज्यावरून ठरते तो खुणेचा तुकडा रुग्णाच्या हाडालाच घट्ट बसवतात. त्याला कुणाचा धक्का लागला तर चित्र सरकतं, पण दिसतं तितकंच सुबक! म्हणून प्रत्येक स्क्रूआधी टोकदार सळई हाडाच्या ओळखीच्या उंचवट्यावर टेकवा. चित्रातलं टोक तिथेच दिसलं नाही, तर ड्रिल खाली ठेवा आणि नोंदणी, म्हणजे चित्र आणि हाड यांची जुळणी, पुन्हा करा.